अक्कांच्या दारची कळलावी

त्या वेलीचं नाव मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात विचारलं तेव्हा मी दुसरं सांगितलं. तेही त्याच वेलीचं नाव, पुस्तकात छापलेलं, त्यामुळे खोटं बोलले असं कुणी म्हणू शकणार नाही. म्हणून तर ते मला इतकी वर्षं पुरलं.

माझं माहेर पिंगळीचं. तिथं रुळांच्या कडेला, बाभळीच्या काट्यात ही वेल पावसाळ्यात आपसूक उगवायची. श्रावणात फुलं यायची. फुलानं मान खाली घातलेली आणि पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग लालभडक. लहानपणी मी एकदा परकराच्या ओच्यात भरून आणली, तर आईनं उंबऱ्याबाहेरच सगळी झटकायला लावली आणि राखेनं हात घासून घेतले.

"कळलावी हाय ती. घरात आली की माणसामाणसात कळ लावती."

आमच्याकडं कळ म्हणजे भांडण, एवढाच त्याचा अर्थ. कुणाच्या घरात आदळआपट सुरू झाली की बाया म्हणायच्या, "बघा गं, परसात कळलावी पुरली का कुणी."

लग्न होऊन मी बोरीला आले. घरात सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. थोरले भासरे, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, त्या अक्का. आणि आम्ही दोघं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचं घर बौद्ध, आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासूनचं. आमच्या दारावर लिंबू-मिरची कधी टांगली नाही, पोरांच्या दंडाला ताईत नाही, गालाला तीट नाही. मामांचा त्यावर फार कटाक्ष. एकदा अक्कांच्या मनगटात माहेरच्या कुणीतरी बांधलेला काळा दोरा दिसला तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "आपुन हे टाकून आलो ना? मग परत कामून उचलायलाव?" अक्कांनी तिथंच दोरा तोडून चुलीत टाकला. हे सांगते, कारण मी जे केलं ते अशा घरात केलं.

अक्कांना मूल नव्हतं. माझी मुलगी झाली आणि तीन-चार महिन्यांत मी शाळेवर रुजू झाले, तेव्हापासून ती अक्कांच्याच कडेवर वाढली. संध्याकाळी मी यायचे तेव्हा पोर न्हाऊन-जेवून त्यांच्या मांडीवर असायची. मी हात पुढं केले की मान फिरवायची. अक्का हसून म्हणायच्या, "जा गं, आई हाय तुझी, पाव्हणी न्हाई." सगळे हसायचे. मीही हसायची.

एका रविवारी दुपारी ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. स्वप्नात काय दिसलं कोण जाणे, दचकली आणि झोपेतच हाक मारली, "मोठीआई." शेजारी मी, आणि हाक त्यांना. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? पण त्या दुपारपासून मला वेगळं निघायचं होतं, आणि खेड्यात वेगळं निघायला भांडण लागतं. अक्का भांडत नव्हत्या. त्यांच्या भाजीला नाव ठेवलं तर दुसऱ्या दिवशी मला आवडते तशी करायच्या. अशा बाईशी भांडायचं कसं?

ज्येष्ठात माहेरी गेले तेव्हा मी कळलावीचा कंद उकरून आणला. गलोलीच्या बेचकीसारखा दुबोटी असतो तो. त्याचं कोंब फुटायचं टोक इतकं नाजूक की मोडलं तर वर्ष वाया. मी तो रुमालात गुंडाळून शाळेच्या पिशवीत, पुस्तकांच्या मधे ठेवला. अक्का न्हाणीत होत्या तेव्हा त्यांच्या दाराशी, रांजणाच्या मागं, आडवा पुरला. दोन-तीन बोटं खोल.

मी वर्गात अंधश्रद्धेचा धडा शिकवत होते. मांजर आडवं गेल्याची नक्कल करून पोरांना हसवत होते. माझा त्या कंदावर विश्वास होता का? नव्हता. पण पुरताना मी इकडंतिकडं बघून घेतलं. विश्वास नसलेलं माणूस इकडंतिकडं बघत नाही.

आषाढात कोंब आला. आधी गवतासारखाच दिसतो. मग पानं लांबतात आणि प्रत्येक पानाचं टोक गोल वळून काठीला, दोरीला, हाताला लागेल त्याला धरतं. वेगळा तणावा नाही, पानच धरतं. तीच तिची ओळख. फूल यायच्या आधी तिला ओळखायचं असेल तर पानाचं टोक बघायचं.

मामांनी विचारलं, "काय गं ही? कुणी लावली?"

"मीच आणली, मामा. अग्निशिखा म्हणतात."

मामांची छाती फुगली. पुढं फुलं आल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ते सांगायचे, "आमच्या मास्तरीणबाईनं आणली. अग्निशिखा." ऐकणारा म्हणायचा, "लय भारी नाव हाय की!" आणि मी आत जाऊन कणीक मळायला घ्यायची.

मामांनी नाव विचारलं त्याच दिवशी अक्का वेलीपाशी वाकल्या होत्या. त्यांनी करंगळी पुढं केली, पानाचं टोक तिच्यावर टेकू दिलं, आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "बरं केलंस." मला वाटलं, अंगणाला शोभा आली म्हणून म्हणतात.

मग त्यांनी त्या वेलीचं जे केलं ते मी कुणी झाडाचं केलेलं बघितलं नाही. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवते. कंद कुजला असता. मी त्याचीच वाट बघत होते की काय, आता सांगता येत नाही. अक्कांनी रस्त्याच्या कामावरून घमेलंभर मुरूम आणला, राख मिसळली, आळं उंच केलं. कापसाच्या पऱ्हाट्या रोवून वेलीला चढायला जागा दिली. दिवाळीच्या सुमारास वेल वाळली, तिथं भुई उरली, तरी अक्का झाडताना तेवढी जागा वळसा घालून झाडायच्या. खाली कुणी झोपलंय असं.

दुसऱ्या पावसाळ्यात ती परत आली, पण जिथं लावली होती तिथं नाही. वीतभर बाजूला. तिचा जुना कंद दरवर्षी मातीत मरतो आणि त्याच्या दोन बोटांच्या टोकांना नवे धरतात, म्हणून ती सरकते. हे मला माहीत होतं. तरीही सकाळी दार उघडल्यावर ती नव्या ठिकाणी दिसली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

त्याच वर्षी अक्कांना दिवस गेले. घरात कुणाचा पाय जमिनीला लागत नव्हता. मला आनंद झाला. पण खरं लिहायचं तर त्या आनंदाच्या आत दुसरं काहीतरी होतं. आता माझी पोर मला परत मिळणार. मी त्या महिन्यांत अक्कांशी फार चांगली वागले.

हिवाळ्यात, सातव्या महिन्यात, शेजारची म्हातारी धावत शाळेत आली. "चल, तुझ्या जावंला कळा सुटल्यात." कळा. तो शब्द मी जन्मभर ऐकत आले होते, पण त्या वर्गात, हातात खडू असताना, तो पहिल्यांदा ऐकू आला. जीपनं परभणीला नेलं. मुलगी झाली. जिवंत नव्हती. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

त्यानंतर वर्षभरात भांडण झालंच. दोघा भावांचं, अंगणात मोटारसायकल कुठं लावायची यावरून. माझा नवरा म्हणाला सावलीत, भासरे म्हणाले जाण्यायेण्याची वाट सोडा. हाकेवरून शिवीवर आणि शिवीवरून वाटणीवर. भांडण आलं तेव्हा मला ते नको होतं. मी ह्यांना रडून सांगितलं, राहू द्या, गाडी मी ढकलत नेत जाईन. कुणी ऐकलं नाही. अंगणात कमरेइतकी भिंत आली. त्याहून उंच मामांनी बांधू दिली नाही. मुलगी आमच्या बाजूला आली आणि कित्येक दिवस भिंतीला पोट टेकवून उभी राहायची.

मग एका वर्षी आम्ही पोरांची सहल परभणीला नेली. तिथल्या एका बागेत औषधी वनस्पतींचे वाफे होते, प्रत्येकापाशी पत्र्याची पाटी. एक पोरगी ओरडली, "बाई, ही तर तुमच्या घरची!" तिनं पाटी मोठ्यानं वाचली. कळलावी. अग्निशिखा. लांगली. आणि शेवटी, अडखळत, "गर्भपातिनी. बाई, म्हंजी काय?"

मी म्हणाले, "रांग धरा."

घरी आल्यावर जेवढं सापडलं तेवढं वाचलं. कंद विषारी. जुन्या काळी सुइणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून बांधायच्या, म्हणून कळलावी. माझ्या आईनं मला त्या नावाचा एक अर्थ दिला होता. दुसऱ्या गावात दुसऱ्या आईनं दुसरा दिला असणार. आणि अक्कांच्या दाराशी तो कंद होता. ओल्या मातीत, हाताच्या अंतरावर, मी नेऊन ठेवलेला. त्यांनी तो खाल्ला असेल? कुणी मूल टिकावं म्हणून सांगितलं असेल, उगाळून दिला असेल? विचारायचं तर मी तो का लावला हे सांगावं लागणार. आणि अक्काही त्या वेलीबद्दल कधी अवाक्षर बोलत नव्हत्या. मामांच्या घरात असल्या गोष्टी बोलायच्याच नव्हत्या. मामा गेले तरी नव्हत्याच.

वेल सरकत होती. एका वर्षी ती भिंतीखालून माझ्या बाजूलाही निघाली. अक्का रोज सकाळी भिंतीवरून हात लांबवून तांब्याभर पाणी ओतायच्या. पाणी मातीत जिरल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू यायचा. मी उपटू शकले नाही; उपटली असती तर त्यांनी विचारलं असतं. आणि वर वेल नसायची तेव्हा तर ती मला जास्तच छळायची. उन्हाळ्यात मुलगी तिथं कुरडयांची बाज टाकायला निघाली की मी ओरडायची. "तिथं नको." "कामून? मोकळी तर हाय जागा." मी कारण देत नसे. मोकळ्या जागेखाली एकाचे दोन होत असायचे, एवढंच मला दिसायचं. वर्गात फळ्याकडं तोंड करून लिहितानासुद्धा दिसायचं.

मुलगी मोठी झाली, परभणीला दिली. यंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भिंत होती तशीच होती, पण पोरीच्या निमित्तानं अक्का दिवसातून चारदा भिंतीवरून वाकायच्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली. सोमवारी भरती व्हा म्हणाले, औषधानं कळा आणू.

सकाळी मी अंगणात आले तर अक्का त्यांच्या बाजूला खुरप्यानं उकरत होत्या. वेल फुलांवर होती. त्यांच्या तळव्यावर मातीनं माखलेला दुबोटी कंद.

"काय करायलाव, अक्का?"

"पोरीच्या कळा सुटंनात. हे जराक कमरंला बांधू. मूल भायेर आलं की त्या घडीला सोडायचं, एवढं ध्यानात ठिव."

"नको, अक्का. विष आहे ते."

"खायला कोन द्यायलंय? माझी आज्जी सुईण व्हती जिंतूरच्या डोंगरातली. मला शिकवू नगंस, मास्तरीण."

मग मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं. "तुमच्या वेळी... तुम्ही हे घेतलं होतं का? बांधलं होतं? पोटात गेलं होतं?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. "माझ्या येळला कळा न बोलावताच आल्या. मी ह्येला हात बी लावला न्हवता. नवव्यात लागंल म्हनून राखून ठिवलं व्हतं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. हात लावला नव्हता. इतक्या वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं, आणि मला लाज वाटली ती याची, की त्यांच्या मेलेल्या मुलीच्या गोष्टीतून मला सुटका मिळाली होती. तिथंच गप्प बसले असते तर चाललं असतं. पण अक्का भिंतीवरून वाकून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तूच तर लावली व्हतीस माझ्यासाठी. मला कळा याव्यात म्हनून. मामांच्या धाकानं नाव बी दुसरं सांगितलंस. मी त्याच दिवशी वळखलं. तुझे लय उपकार मानले गं मनात. बोलायची सोय न्हवती."

एवढी वर्षं त्या माझ्या उपकाराला पाणी घालत होत्या.

"अक्का, मी भांडण व्हावं म्हणून लावली होती."

"कुनाचं?"

"आपलं."

"आपलं कुठं भांडन व्हतं?"

"नव्हतं. म्हणूनच." आणि मी सांगितलं. माहेरचा अर्थ, रुमाल, रांजण. झोपेतली हाक. सगळं, बसल्या जागेवरून, वर न बघता.

मग कंद येऊन माझ्या पायापाशी पडला.

"घे. तुझा हाय." आणि मग त्यांचा आवाज चढला, जो मी कधी ऐकला नव्हता. "पोरगी पायजे व्हती तर मागायची ना माझ्या कडंवरून! तोंड न्हवतं का तुला? शाळंत तर दिसभर चालतंय!"

मीही उठले. "मागितली असती तर दिली असती तुम्ही?"

अक्का थांबल्या. खरंच विचार केला त्यांनी. "न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई दिली असती. पन भांडले असते की तुझ्याशी!"

"मला भांडायचंच तर होतं!"

"मग भांडायचं! माती कामून उकरली?"

पलीकडच्या गच्चीवरून शेजारीण डोकावली. "काय झालं गं बायांनो?"

"काय न्हाई," अक्का तिच्याकडं न बघता ओरडल्या. "आमचं चाललंय. तुझी भाकर करपायली, ती बघ."

मुलगी पोट सावरत दारात आली. आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. "आई, मोठीआई, तुमी भांडायलाव?" तिला खरं वाटत नव्हतं. अक्का वळल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. उघड्या गावात दिवसाढवळ्या कुणी दार लावून घेत नाही.

सोमवारी परभणीला निघालो. अक्का न बोलावता आल्या आणि जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरशेजारी बसल्या. पाठमोऱ्या. संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप. घरी आल्यावर बाळाला न्हाऊ घालायला रोज अक्काच यायच्या. पाय लांब करून पाटावर बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. बाळाशी बोलायच्या.

"तुझ्या आजीला म्हन, पानी लय कढत केलंय. कोंबडं सोलायचंय का?"

मी म्हणायची, "मोठ्या आजीला सांग, विसण आणते."

"तुझ्या आजीला म्हन, साबन डोळ्यात जाईल असा कोन धरतंय."

मुलगी हसून लोळायची. महिन्याच्या बाळाला मान धरता येत नाही आणि आमचं दोघींचं सगळं बोलणं तिच्या अंगावरून जायचं. मला ते चालत होतं. याहून जास्त मागायला मला तोंड नव्हतं.

परवा दुपारी मुलगी झोपली होती. अक्का बाळाच्या पाठीवर पाणी सोडत होत्या. सोडता सोडता हात थांबला.

"तुझ्या आजीला इचार," त्या म्हणाल्या, नजर बाळावरच, "त्या दिवशी दवाखान्यात, फडक्यात गुंडाळून तिच्याच हातात दिलं व्हतं. मला कुनी दावलं न्हाई. दावू नका म्हनले. तिनं तरी त्वांड बघितलं का?"

मी तांब्या खाली ठेवला. "सांग मोठ्या आजीला, बघितलं."

"कसं व्हतं?"

मी बाळाकडं बघून सांगायला लागले. केस होते, ओले, कपाळाला चिकटलेले. नखं आलेली होती. डावी मूठ मिटलेली, उजवी उघडी. कानांच्या पाळ्या सुट्या होत्या, तुमच्यासारख्या. तुमच्यासारख्या म्हणाले मी, बाळाला मधे घ्यायचं विसरून.

"अजून," अक्का म्हणाल्या.

हनुवटीला खळी होती. भुवया जवळजवळ नव्हत्याच. ओठ मिटलेले, त्रास झाल्यासारखा चेहरा नव्हता. जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. मग ते संपलं. आणि मला वाटलं, आणखी काहीतरी सांगावं, झोपल्यासारखी दिसत होती, हसल्यासारखी दिसत होती, काहीतरी. ते शब्द तोंडापर्यंत आले. मी बघितलं नव्हतं तसं काही. मी थांबले.

अक्का बाळाला पायांवर तशीच धरून, मान खाली घालून, वाट बघत होत्या.

"एवढंच बघितलं, अक्का," मी म्हणाले.